बाबांची मूळ प्रत

फोटो आहे तसा मोठा करून आईच्या खुर्चीसमोर लावायचा, एवढंच काम होतं. दादांच्या बायकोने ते एका वाक्यात सांगितलं होतं, त्यामुळे पुढे जे घडलं त्याबद्दल तिच्याकडे बोट दाखवायची सोय दादांना राहिली नाही. संसारी माणसाला अशी सोय लागते. ती नसली की सगळा दोष एकट्याने वाहावा लागतो, आणि दादांना ओझी वाहायची सवय असली तरी ती फायलींची होती.

दादा एका सरकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड विभागात एकोणतीस वर्षं होते. घरात थोरले म्हणून दादा, आणि ऑफिसात कुणी सुरू केलं कुणास ठाऊक, पण साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे दादाच. त्यांचं एकच तत्त्व होतं: कागद एक, प्रत एक. एका कागदाच्या दोन प्रती झाल्या की कधी ना कधी त्यांच्यात तफावत निघते, मग खरी कोणती हे ठरवायला तिसरी फाइल उघडावी लागते, आणि चौथी उघडायची वेळ येईपर्यंत मूळ कागदाची गरज असलेला माणूस निवृत्त झालेला असतो. म्हणून दुय्यम प्रत दिसली की दादा ती स्वतःच्या हाताने कागद कापायच्या यंत्रात घालत. त्या दिवशी त्यांना जेवण चार घास जास्त जात असे.

बाबा जाऊन पाच महिने झाले होते. आईच्या डोक्यातून मात्र ते अजून गेले नव्हते, आणि आता तिथूनही जातील हीच खरी भीती होती. आईची आठवण विरत चालली होती. रोज संध्याकाळी दिवे लागले की ती विचारायची, "हे अजून कसे आले नाहीत?" सुरुवातीला दादांनी खरं सांगून पाहिलं. पण खरं सांगितलं की तिच्यासाठी बाबा त्या क्षणी जात, ती रडून रडून थकून झोपे, आणि दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा जात. एका माणसाचा मृत्यू एकाच व्यक्तीला किती वेळा कळवावा, याला काही मर्यादा असायला हवी. दादांनी तो अकरा वेळा कळवला आणि मग "येतील" एवढंच म्हणायला लागले.

आईला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आज त्या विचारतात कुठे गेले. पुढे विचारतील कोण गेले. नावं आधी जातात, चेहरे जरा टिकतात. यजमानांचा एक मोठा, स्पष्ट फोटो त्यांच्या नजरेसमोर ठेवा आणि रोज दाखवा. फार दिवस लावू नका."

आता बाबांना फोटोचं वावडं होतं. कॅमेरा निघाला की ते चप्पल घालून बाहेर पडत. घरातल्या सगळ्या फोटोंत मिळून बाबांचा एक कोपर, अर्धा कान आणि दारातून निघून जाणारी पाठ एवढाच ऐवज होता. लग्नाच्या फोटोंना वाळवी लागली होती, आणि वाळवीने नवरी सोडून नेमका नवरा खाल्ला होता. शिल्लक होता तो एकच फोटो. दोन वर्षांपूर्वी एक्स-रेसाठी रुग्णालयाच्या बाकावर बसले असताना दादांच्या बहिणीने तो मोबाइलवर काढला होता. बाबांना उठून जाता येत नव्हतं, कारण त्यांचा नंबर पुढचाच होता. तीन दिवसांची पांढरी दाढी, सदऱ्याचं वरचं बटण उघडं, चष्मा कपाळावर, आणि मुलीकडे बघून आता काहीतरी खेकसणार अशी मुद्रा. मागच्या भिंतीवर 'प्रसाधनगृह' अशी ठळक पाटी होती आणि तिचा बाण बरोबर बाबांच्या टाळूवर उतरत होता.

बहिणीने फोटो पाठवला. दादांनी लगेच तिला फोन करून बजावलं की आता तुझ्याकडची प्रत काढून टाक, दोन ठिकाणी नको, उगाच गोंधळ होतो. या बहिणीने लहानपणापासून दादांचं एक अक्षर ऐकलं नव्हतं. हे मात्र ऐकलं.

दादांनी मोबाइल आईसमोर धरला. आईने डोळे बारीक केले.

"दाढी नाही केली यांनी," ती म्हणाली. "सांग त्यांना. चार लोकांत असं बसू नये."

"ओळखलं बघा," दादांची बायको म्हणाली. "द्या आता छापायला."

पण दादांच्या कानांवर एकोणतीस वर्षांचे संस्कार होते. वरून शेरा आला की त्याची पूर्तता करूनच फाइल पुढे सरकवायची, ही त्यांना लागलेली सवय. आईने दाढीबद्दल शेरा मारला होता. शिवाय जन्मदात्याला प्रसाधनगृहाच्या बाणाखाली आयुष्यभर भिंतीवर टांगायचं, हे दादांना मुलगा म्हणूनही पटेना आणि सरकारी कर्मचारी म्हणूनही पटेना. त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं की एका रविवारचं काम आहे.

ऑफिसातल्या संगणक विभागाच्या माणसाने त्यांना फोटो सुधारायचं एक सॉफ्टवेअर घालून दिलं. त्यात एक ब्रश होता. एका जागची कातडी उचलायची आणि दुसऱ्या जागी लावायची, असं त्याचं साधं काम. दादांनी कपाळावरची कातडी घेऊन गालांवर फिरवली. दाढी खरोखरच गेली. हनुवटीही गेली. मग गळ्यावरून थोडी हनुवटी आणली, तर ती जरा खाली बसली आणि बाबा गिळताना अडकल्यासारखे दिसायला लागले. पाटी पुसताना बाणाबरोबर टाळूवरचे केस निघाले. बाबांकडे केस मुळात अठरा-वीसच होते, त्यामुळे एवढंही नुकसान डोळ्यांत भरलं. कपाळावरचा चष्मा काढला तर तिथे एक चौकोनी खड्डा राहिला. रविवार संपला तेव्हा दादांसमोर नुकताच अपघातातून वाचलेला एक माणूस होता.

पुढच्या रविवारी वरच्या मजल्यावरचे ड्रॉइंगमास्तर उतरले. हे शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, आणि आठ वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. दादांनीही विचारलं नव्हतं, पण जिना उतरताना खिडकीतून पडद्यावरचा चेहरा दिसल्यावर मास्तरांना राहवेना. त्यांनी खुर्ची ओढली आणि चेहरा म्हणजे मुळात अंडं, इथपासून सुरुवात केली. अंड्यावरून प्रमाणबद्धतेवर आले आणि मग बाबांवर. बाबांचा चेहरा त्यांच्या मते शास्त्रशुद्ध नव्हता. उजवी भुवई वर चढलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजव्या नाकपुडीजवळ चरा. डावी बाजू मात्र निर्दोष होती. तेव्हा मास्तरांनी तोडगा काढला की डावी बाजूच आरशासारखी उलटून उजवीकडे लावावी.

हे सॉफ्टवेअरला एका बटणात जमलं. दोन्ही बाजूंनी डावे असलेले बाबा पडद्यावर आले. दादांना ते कुठेतरी खटकलं. पण मास्तर इतके भारावले होते, आणि भुवया इतक्या एका रेषेत आल्या होत्या, की त्यांनी ती शंका गिळली. गिळायला नको होती. माणसाला आयुष्यात फार थोड्या शंका योग्य वेळी येतात.

मग बहिणीचा फोन आला. बाबा जरा हसले तर आईला बरं वाटेल, असं तिचं म्हणणं पडलं. बाबा कधी हसल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं, पण सॉफ्टवेअरमध्ये हास्याची सरकपट्टी होती, आणि असलेली सोय वापरली नाही तर माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. दादांनी पट्टी चौदावर ठेवली. राहता राहिलं उघडं बटण. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका वरिष्ठ साहेबांचा निरोप समारंभाचा फोटो दादांच्या रेकॉर्डमध्ये होता. त्यातला कोट दादांनी साहेबांच्या मानेपासून अलगद कापून बाबांना घातला. जन्मभर ज्या माणसाने सदऱ्यावर सदरा चढवला नाही, तो आता अधीक्षकाच्या कोटात बसून चौदा टक्के हसत होता.

बायकोने दारातून एकदा पडद्याकडे पाहिलं. "अहो, आई आजकाल मला ताई म्हणतात," ती म्हणाली. "दिवस जातायत." दादा म्हणाले, फक्त मानेचा जोड राहिलाय.

तो जोड मात्र काही केल्या लपेना. मान सावळी, कोट दुसऱ्याच उजेडातला, हनुवटी तिसरीच. दादांनी पेन ड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या छपाईच्या दुकानात धाव घेतली. दुकानदाराने लग्नाच्या पत्रिका कापता कापता एक नजर टाकली आणि म्हणाला, "ऑइल पेंटिंगचा इफेक्ट मारा. सगळं झाकलं जातं."

सॉफ्टवेअरमध्ये कलात्मक प्रकारांचा एक कप्पा होता. पेन्सिल, कोळसा, जलरंग, तैलरंग, जुनं भित्तिचित्र असे एकवीस इफेक्ट त्यात होते. पेन्सिलमध्ये बाबा पोलिसांना हवे असल्यासारखे दिसले. कोळशामध्ये ते आगीतून काढल्यासारखे दिसले, आणि पाच महिन्यांपूर्वीच्या स्मशानातल्या त्या सकाळनंतर दादांना ते बघवलं नाही. त्यांनी पटकन पुढचं बटण दाबलं आणि थोडा वेळ बाहेर जाऊन उभे राहिले. जलरंगात नाक वाहून गेलं. तैलरंगात मात्र चमत्कार झाला. ब्रशची जाडी वाढवत नेली तसे जोड बुजले, हनुवटी बसली, खड्डा भरला, कोट आणि मान यांचा समझोता झाला. साठवर थांबल्यावर समोर एक भारदस्त, तुकतुकीत, करड्या पार्श्वभूमीवर शांतपणे बसलेले गृहस्थ होते. दादांचा ऊर भरून आला. आपण बाबांसाठी काहीतरी केलं, असं त्यांना पाच महिन्यांत पहिल्यांदा वाटलं.

त्यांनी सेव्ह दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं, मूळ फाइलवरच लिहायचं का? प्रश्न नीट, स्वच्छ भाषेत विचारलेला होता, त्यामुळे नंतर सॉफ्टवेअरलाही दोष देता येईना. दादा 'हो' म्हणाले. मग मोबाइलमधली प्रत काढली, संगणकातला कचऱ्याचा डबा रिकामा केला, आणि जेवायला बसले. चार घास जास्त गेले.

छापून, चौकट करून फोटो घरी आला तो मास्तरांच्या सहीसकट. दुकानात आधी जाऊन त्यांनी कोपऱ्यात आपलं नाव टाकून घेतलं होतं. दादांचं नाव कुठेच नव्हतं. दादांनी अपमान गिळून खिळा ठोकला. मास्तरांच्या बायको मुद्दाम बघायला आल्या, बराच वेळ निरखत राहिल्या आणि म्हणाल्या की फारच जिवंत उतरलंय, पण हे कोण म्हणायचे? या बाई सतरा वर्षं बाबांच्या डोक्यावर राहत होत्या आणि पाण्याच्या टाकीवरून त्यांच्याशी आठवड्याला एकदा तरी भांडत होत्या. दादांनी ठरवलं की बाईंचा चष्मा बदलायला झालाय.

मग आईला हात धरून बाहेर आणलं आणि खुर्चीत बसवलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आईने वर पाहिलं. तिने केस सारखे केले, पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि सावरून बसली.

"बसा ना," ती चौकटीला म्हणाली. "हे घरी नाहीत. यायची वेळ झालीच आहे."

दादांना पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा ते आईशेजारी बसले आणि हे बाबाच आहेत असं समजावू लागले. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली की पाहुण्यांची अशी थट्टा करू नये. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. परक्या माणसासमोर तोंड हलवायची तिला लाज वाटत होती. खुर्चीही सोडेना, कारण आलेल्या माणसाला एकटं टाकून आत जाणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. दोन तास ती ताठ बसून होती, आणि समोर ते गृहस्थ चौदा टक्के हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मूळ फोटो शोधायला बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की तो नाही. कुठेच नाही. आपण ज्या कामासाठी ऑफिसात वाखाणले जातो, ते काम आपण घरी तितक्याच चोख पार पाडलं आहे. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "दादा, तूच सांगितलं होतंस." पेन ड्राइव्हवरून दुकानात गेले होते ते सुधारलेलेच बाबा, आणि तिथल्या संगणकातली फाइलही दादांनीच उभं राहून पुसून घेतली होती. संगणक विभागाच्या माणसाने पुसलेलं परत आणायचे दोन उपाय करून पाहिले, त्यात ऑफिसचे तीन जुने हजेरीपट निघाले, बाबा निघाले नाहीत.

बाबांचं ओळखपत्र होतं. पण मृत्यूचा दाखला देताना खिडकीवरच्या बाईंनी नियमाप्रमाणे ते रद्द केलं होतं, म्हणजे पंच मारून भोक पाडलं होतं, आणि भोक बरोबर तोंडावर होतं. तेव्हा दादांना त्या बाईंच्या नेमकेपणाचं कौतुक वाटलं होतं. आता ते कार्ड उजेडासमोर धरून बसले. भोकाच्या कडेला एक कान आणि थोडा सदरा होता.

शेवटी बाबांच्या जुन्या ऑफिसात त्यांची सेवापुस्तिका असेल म्हणून दादा रजा टाकून तिथे गेले. तिथला रेकॉर्डकीपर दादांच्याच जातकुळीचा, स्वच्छ टेबलाचा आणि धारदार पेन्सिलींचा माणूस होता. त्याने सहानुभूतीने ऐकून घेतलं. सेवापुस्तिकेतल्या फोटोची प्रत हवी असेल तर अर्ज कर्मचाऱ्याने स्वतःच्या सहीने करावा लागतो, असं म्हणाला. कर्मचारी वारले आहेत, दादा म्हणाले. मग अर्ज करता येणार नाही, तो म्हणाला, आणि यात त्याचं काही चुकत नाही हे दादांइतकं दुसरं कुणाला कळणार. दादांनी हात जोडले. असे त्यांनी टेबलाच्या या बाजूला उभं राहून कधी जोडले नव्हते. त्या माणसालाही काहीतरी वाटलं असावं. तो उठला, आत गेला, बऱ्याच वेळाने सूची घेऊन आला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मृत्यूची नोंद आल्यावर तीन महिन्यांनी पुस्तिका नष्ट केली होती. "वेळेत झालं सगळं," तो म्हणाला. दादांनी मान डोलावली.

मग त्यांनी सॉफ्टवेअर उघडून उलटा प्रवास सुरू केला. मास्तरांना खिडकीतून हाकललं. तुकतुकी घालवायला खरखरीचा इफेक्ट दिला, दाढी एकेक केस करून काढली, उजवी भुवई आठवून आठवून वर चढवली. किती चढायची? तोंड कुठल्या बाजूला ओढलेलं असायचं? दादांनी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर समोर आले ते कोटातले, तैलरंगातले गृहस्थ. पंचावन्न वर्षं ज्या माणसाचा ओरडा खाल्ला त्याचा चेहरा दादांना दिसेना. त्यांनी माउस बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बायको पाठीवर हात ठेवून उभी राहिली. सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

जे काही झालं होतं त्याची लहान प्रत छापून दादांनी आईच्या हातात दिली. आईने ती निरखली, मग भिंतीकडे पाहिलं. "यांचा भाऊ का?" तिने कोटवाल्यांकडे बघून अदबीने विचारलं.

या सगळ्यात दहा-बारा दिवस गेले. दादांच्या एक गोष्ट उशिराने ध्यानात आली. संध्याकाळी दिवे लागत होते आणि आई काही विचारत नव्हती. फोटो आल्यापासून तिने एकदाही विचारलं नव्हतं. इतके दिवस तो प्रश्न दादांना नकोसा वाटायचा, आणि आता येत नव्हता म्हणून ते दिवे लागल्यावर आईच्या तोंडाकडे बघत बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ते झालं, आणि ते आपण आपल्या हाताने केलं, असं ते बायकोला म्हणाले. मग खुर्चीवर चढले आणि चौकट उतरवली. आई बघत होती. दादांनी चौकट काखेत मारली, दाराबाहेर नेली, जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि परत आले.

आईने पाय पुढे सोडले. खांदे सैल केले. दाराकडे एकदा पाहून खात्री करून घेतली.

"गेले का ते?" तिने विचारलं.

"गेले."

"किती दिवस बसला बाई तो माणूस." ती दादांकडे वाकली आणि कुजबुजली, "जा, आता यांना सांग बाहेर या म्हणून. परकं कोणी असलं की आतून हलायचे नाहीत. मी तरी त्याच्यासमोर कशी हाक मारणार?"

दादा आतल्या खोलीत गेले. तिथे बाबांची खाट होती, गादी गुंडाळून ठेवलेली. ते खाटेच्या कडेला बसले. आईला बाबांचा चेहरा दिसत असणार, भुवईसकट, दाढीसकट, तिला कुठल्याही फोटोची गरज नव्हती, आणि आता घरात तो एवढ्या एकाच जागी उरला होता. दादांनी डोळे पुसले आणि बाहेर आले.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"येतायत."

आईने शेजारची खुर्ची जरा ओढून जवळ घेतली आणि तिच्यावर हात ठेवला, दादांनी तिच्यात बसू नये म्हणून. दादा जमिनीवर तिच्या पायांशी बसले. "आई," ते म्हणाले, "बाबा दिसतात कसे, ते मला सांग ना."